ॲडव्हान्समधला नमस्कार

३ मार्च, सोमवार

जिज्ञासा म्हणाली, "काकू, रोज लिहा. काय चुकलं, काय जमलं, सगळं." म्हणून बसले लिहायला. जमलं काहीच नाही, त्यामुळे पटकन उरकेल असं वाटतंय.

ही जिज्ञासा बदलापूरची पोरगी. पूर्वी चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळायची. आता शहाडच्या पलीकडे अनीश सेठच्या जुन्या बर्फ कारखान्यात बायकांना बर्फावरची हॉकी शिकवते. घरोघरी फ्रिज आले, लाद्या कुणी घेईना, तेव्हा सेठने अख्ख्या शेडभर एकच लादी जमवली आणि म्हणाला, आओ, फिसलो. तिथे येणाऱ्या सगळ्या बायका पस्तिशीच्या पुढच्या. त्यांच्यातून म्हणे भारताचा संघ निवडायचाय. ऑगस्टमध्ये बँकॉकला, जिथे बर्फ पडत नाही अशा देशांतल्या आमच्या वयाच्या बायकांचा चषक आहे. खेळाडूच्या गावातही बर्फ पडता कामा नये अशी अट आहे, म्हणजे लडाखवाल्या आल्या तशा गेल्या. उरलेल्या देशात या वयात बर्फावर आपटून घ्यायला फक्त आमच्या इथल्याच बायका तयार झाल्या.

मी तिथे डबे पोचवते. आमच्या वस्तीत, कॅम्प पाचला, माझं पोळीभाजी केंद्र आहे. आज कट्ट्यावर डाळीचं पातेलं ठेवून वाढत होते, तर त्यांची ती काळी रबरी चकती, पक म्हणतात तिला, सुसाट उडत थेट डाळीकडे आली. माझ्या एका हातात पळी, दुसऱ्यात झाकण. झाकण पुढे केलं. ठण्ण वाजलं. डाळ वाचली.

जिज्ञासा धावत आली. मला वाटलं माफी मागेल. तर म्हणते, "काकू, परत एकदा कराल?"

मी म्हटलं, "आधी झाकणाला पोचा आलाय तो बघ."

तिने ऐकलंच नाही. पोरीने लांबून चांगल्या आठ-दहा चकत्या मारल्या. मी अडवल्या. अडवणारच, मागे डाळ होती.

९ मार्च, रविवार

आज मला स्केट्स घालून बर्फावर उभं केलं. उभं केलं म्हणजे दोघींनी धरून ठेवलं. सोडलं की मी खाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय नाही, कारण अंगण खरंच निसरडं आहे.

जिज्ञासाने मला जाळीपुढे नेऊन ठेवलं. म्हणाली, "तुमची पोळीभाजीची खिडकी समजा. गर्दी समोर, तुम्ही आत. खिडकी सोडायची नाही." ते मात्र मला कळलं. खिडकीत उभी राहिले की माझे पाय बरोबर रुततात.

घरी सांगितलं. आमचे हे म्हणजे धम्मदीप, फॅक्टरीतून नुकतेच आले होते. चहा पीत शांतपणे म्हणाले, "तुला घेतलीय ती डब्यासाठी. परदेशात बायकांचे जेवणाचे हाल होतात. आचारी नेला तर हिशेबात दिसतो, खेळाडू नेली तर चालते."

प्रीती म्हणाली, "पप्पा, काहीही." पण हे हसत होते.

मीही हसले. मग भांडी घासताना ते वाक्य काही जाईना. शाळेत मी लंगडीत वर्गाची कॅप्टन होते. त्यानंतर मला कुणी कशातच घेतलं नाही. सगळीकडे बोलावलं ते करायला-वाढायला. आता हे भारताच्या संघाचं. मला घेतायत ते माझ्यासाठी की माझ्या पोळ्यांसाठी, एवढं एकदा कळायला पाहिजे. पोळ्यांसाठी असेल तर मी नाही जाणार. कॅम्प पाचमध्ये पोळ्या लाटते तेवढ्या पुरेत.

२३ मार्च, रविवार

माझी पायाची पॅड तयार झाली. फर्निचर बाजारातल्या सोफेवाल्याने फोम भरून वरून मरून रेक्झिन मारलंय. घालून उभी राहिले की पाहुणा येऊन बसेल असं वाटतं.

आज आमच्या कौसाबाईची गंमत. कौसाबाई बदलापूरच्या पुढच्या खेड्यातली, भाताची शेती आहे, वय सत्तावन्न. सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत वेगवान. चिखलात लावणी केलेली बाई, घसरणं तिला नवीन नाही. पण खेळताना तिचा पाय कुणाला लागला की ती थांबते. वाकते, समोरचीला हात लावते, हात कपाळाला लावते, मग पुढे जाते. तोवर चकती दुसऱ्या टोकाला.

जिज्ञासा ओरडली, "आजी, थांबू नका."

कौसाबाई म्हणाली, "बाय, पाय लागला ना तिला. माझ्यानं नाय होत तसंच जायला."

आणि गंमत म्हणजे जिला पाय लागला तीही थांबते, "असू दे असू दे" म्हणायला. आज श्रद्धा आणि अंजना एकमेकींवर आदळल्या आणि बराच वेळ एकमेकींच्या पाया पडत होत्या. चकती मधोमध एकटी पडली होती.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. प्रॅक्टिसला सुट्टी. पांढरी साडी नेसून आम्ही सगळे वंदनेला गेलो. बर्फावर पडून कंबर धरलीय, खाली बसले ती उठताना प्रीतीला हात द्यावा लागला. शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं. ह्यांनी सांगितलं, "भारतातर्फे पडतेय."

हल्ली ह्यांना एक वाईट खोड लागलीय. काही हातात देत नाहीत. लिंबू मागितलं तर लांबून फेकतात. कांदा, बटाटा, काड्यापेटी, सगळं फेकून. ते पण सरळ नाही, कधी डोक्यावरून, कधी पायाशी. मी पकडते म्हणून बरं, नाहीतर घरात भाजीबाजार झाला असता. वय झालं की माणूस पोरकट होतो.

२ मे, शुक्रवार

शुक्रवारची वीज गेली. बर्फावर पाणी आलं. भाताच्या खाचरात खेळल्यासारखं झालं, कौसाबाई एकदम खूश.

आमच्याकडे दोन गोलकीपर आहेत. एक संजीवनी, अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ राहते, दवाखान्यात नर्स आहे, चाळिशीची, हसरी. ती आधीपासूनची. दुसरी मी, राखीव. आज आम्हा दोघींना आळीपाळीने उभं केलं. संजीवनीच्या जाळीत बऱ्याच गेल्या. माझ्या जाळीत एकही गेली नाही. साहजिक आहे, माझ्यावर सगळ्या हळू मारतात. माझं वय बघतात, शिवाय मारून झाल्यावर जेवण माझ्याच हातचं असतं.

श्रद्धा मारून मारून थकली आणि स्टिक आपटून बसली. मी तिला म्हटलं, अगं एवढं नाटक नको करू, मला कळतं. तिने माझ्याकडे विचित्र पाहिलं.

१८ मे, रविवार

नमस्काराचा निकाल लागला.

जिज्ञासाने सगळं करून पाहिलं. रागावली. कौसाबाईचे हात स्टिकला बांधले, तर ती स्टिकसकट वाकली. शेवटी आज कौसाबाईनेच तोड काढली. म्हणाली, "खेळायच्या आधीच सगळ्यांच्या पाया पडून घेऊ. दिवसभरात लागतील तेवढे पाय आधीच माफ."

जिज्ञासा डोक्याला हात लावून बसली होती, ती म्हणाली, "करा. काहीही करा."

मग सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. प्रत्येकीने प्रत्येकीला वाकून हात लावला, लहान-मोठं काही पाहिलं नाही. ॲडव्हान्समधला नमस्कार. आणि काय सांगू, त्यानंतर ज्या काही खेळल्या, कुणी थांबेना. कौसाबाईने अंजनाला अशी धडक दिली की ती थेट भिंतीला, आणि मागे वळून बघितलंसुद्धा नाही. हिशेब आधीच चुकता होता ना.

मी मात्र जाळीत होते, पॅडमुळे मला वाकता येत नाही, म्हणून मी त्या रांगेत नव्हते. मला काय गरज, मी कुणाला लाथ मारायला खिडकी सोडून जातेय थोडीच.

१ जून, रविवार

आज मला राग आला. प्रॅक्टिसनंतर जिज्ञासाने बाजूला घेतलं. म्हणाली, "काकू, बँकॉकला पहिली गोलकीपर तुम्ही. संजीवनीताई राखीव."

मी म्हटलं, "चेष्टा करू नकोस. ती आधीची आहे. ती असताना मी तिची जागा घेणार नाही. आणि मला पोळ्यांसाठी न्यायचं असेल तर सरळ सांग, असं गोड बोलून नको."

ती म्हणाली, "पोळ्या कुठून आल्या मध्ये?"

मी म्हटलं, "मला सगळं कळतं."

ती संजीवनीकडे गेली. दोघी कोपऱ्यात कितीतरी वेळ बोलत होत्या. संजीवनी मध्येच हसली. मला वाईट वाटलं. पण हसू दे, मी कुणाचं ताट ओढणाऱ्यांतली नाही.

१५ जून, रविवार

कल्याणच्या मुलांशी सामना होता, चाकांवर खेळणाऱ्या. ऐन वेळी संजीवनीचं पोट दुखायला लागलं. मला उभं राहावं लागलं. आम्ही दोन-एकने हरलो. मुलं मोठी धसमुसळी. नंतर त्यांच्या कोचने माझा हात हातात घेऊन पाहिला. काय पाहत होता कोण जाणे, बहुतेक भाजल्याचे डाग.

सामना संपल्यावर संजीवनीने दोन वाट्या डाळभात खाल्ला. मी म्हटलं, पोट? ती म्हणाली, थांबलं ताई.

२० जुलै, रविवार

संघ जाहीर झाला. माझं नाव आहे. गोलकीपरमध्ये माझं आधी, संजीवनीचं नंतर. वयाप्रमाणे लावलं असणार.

जर्सी मिळाली, निळी, पाठीवर 'शालन' आणि वर 'भारत'. कॅम्प पाचच्याच जीन्सवाल्याकडे शिवल्यात, शिलाई अशी पक्की की फाडायला जाल तर माणूस फाटेल. घरी आणून पलंगावर पसरली. प्रीतीने फोटो काढले. हे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "घालून बघ."

मी घातली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावरचं सफरचंद फेकलं. मी पकडलं. "बरोबर बसलीय," असं म्हणाले आणि बाहेर गेले.

खाली गेल्यावर मात्र ऐकलं. इमारतीतल्या लोकांना सांगत होते, "आमची मिसेस चाललीय टीमसोबत, जेवणाचं बघायला." मी जिन्यात उभी होते. सफरचंद अजून हातात होतं. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग तेच सफरचंद खाल्लं आणि वर आले. जायचं नाही असं आधी ठरवलं होतं. पण ती जर्सी काढवेना.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, बँकॉक

विमानात सगळ्यांनी खिडकीसाठी भांडण केलं. मला खिडकी नको म्हटलं, रोजचीच आहे.

इथला रिंक मॉलमध्ये आहे. बर्फ आरशासारखा. आमच्या शेडमध्ये चढ-उतार असतात, इथे काहीच नाही, त्यामुळे पहिला अर्धा तास आम्ही सरळ जात होतो ते थेट भिंतीत.

पहिला सामना मलेशियाशी. संजीवनी लेन्स हॉटेलवर विसरली. एवढी नर्स बाई, इंजेक्शनची शीर शोधते, आणि लेन्स विसरते. मी उभी राहिले. चकत्या पावसासारख्या आल्या. एक गेली. एक-शून्य हरलो. मला फार लागलं ते. संजीवनी असती तर ती एक गेली नसती.

जेवणाचं म्हणाल तर हॉटेलात भात, भाजी, फळं सगळं आहे. माझ्या पोळ्यांची चौकशी कुणीच केली नाही. मी पीठ आणलंय, बॅगेत तसंच पडलंय. मग मला आणलं कशाला?

२३ ऑगस्ट, शनिवार

दुसरा सामना फिलिपिन्सशी. शून्य-शून्य. संजीवनीचा श्रावणी शनिवारचा उपास, चक्कर येईल म्हणाली. परत मीच. बिचारीचं नशीबच खराब. एवढी लांब आली आणि बाकावर बसून टाळ्या वाजवतेय. आणि उपासाचं म्हणाल तर संध्याकाळी तिने अंड्याचा फ्राइड राइस खाल्ला. परदेशात देव एवढं बघत नसेल.

कौसाबाईला एक चिंता आहे. "ह्या समोरच्या बायकांना आपण ॲडव्हान्स नाय दिला. माझा पाय दोन-तीनदा लागला त्यांना. रात्री झोप लागली नाय गो."

मी म्हटलं, "उद्या देऊन टाका."

२४ ऑगस्ट, रविवार

आजच लिहून टाकते.

शेवटचा सामना थायलंडशी. जिंकलो तर तिसरे, हरलो तर रिकाम्या हाताने घरी. संजीवनीने आज कारणच दिलं नाही. मी तिच्याकडे बघितलं तर तिने माझं हेल्मेट पुढे केलं. "चढवा ताई."

सुरू व्हायच्या आधी कौसाबाई एकटीच सरकत त्यांच्या बाजूला गेली आणि पहिल्या बाईच्या पायाला हात लावून कपाळाला लावला. आम्हाला वाटलं आता पंच बाहेर काढणार. पण त्या थाई बायकांनी लगेच हात जोडले, मान खाली घातली. एकीने खुणेने पाय दाखवून जीभ चावली, म्हणजे पाय लागला तर वाईटच, असं. कौसाबाई परत आली आणि म्हणाली, "ह्यांच्यात पन हाय. आपलीच माणसं हायत."

आणि मग तिने कुणाचीही गय केली नाही. मध्यांतराच्या जरा पुढे तिने तिघींना मागे टाकून गोल केला. मी जाळीत नाचले, नाचता नाचता पडले.

शेवटची मिनिटं. त्या सगळ्या आमच्या टोकाला. एक उंच बाई एकटीच माझ्यावर आली. तिने मारलं, मी गुडघे टेकून पॅडने अडवलं, चकती परत बाहेर गेली, आणि ती बाई तोल जाऊन माझ्याच पायाशी पडली. माझा सोफ्याएवढा पाय तिच्या डोक्याला लागला. डोक्याला. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. मी जाळीत असल्यामुळे मी कुणालाच ॲडव्हान्स दिलेला नव्हता. हात आपोआप खाली गेला, तिच्या खांद्याला लावायला.

त्याच क्षणी दुसरीने बाहेरून खालून जमिनीलगत जोरात मारलं. आणि ती चकती थेट माझ्या नमस्काराच्या हातात येऊन बसली.

भोंगा वाजला. एक-शून्य. सगळ्या माझ्या अंगावर. ती थाई बाई खाली पडल्या पडल्या हात जोडत होती, मीही चकतीसकट हात कपाळाला लावला. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं मी गोल वाचवला. मला ठाऊक, मी पाया पडत होते.

तिसऱ्या क्रमांकाचे बिल्ले मिळाले. मग माइकवरून इंग्रजीत काहीतरी म्हणाले, गोलकीपर, इंडिया. सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. मी संजीवनीला ढकललं, "जा गं, तुला बोलावतायत."

ती म्हणाली, "ताई, मी तीन दिवसांत जाळीत पाय ठेवला नाही."

मी म्हटलं, "अगं पण तो शेवटचा गोल वाचला तो चुकून. तो नमस्कार होता."

ती म्हणाली, "एक नमस्काराने वाचला. बाकीचे कुणी वाचवले?"

मी परत तिलाच पुढे ढकललं. ती म्हणाली, "आणि माझं पोट आजपर्यंत एकदाही दुखलेलं नाही. तुम्ही माझी जागा घेत नव्हता, म्हणून मलाच आजारी पडावं लागलं. आता जा, नाहीतर खरंच दुखेल."

जिज्ञासा बाजूला उभी राहून रडत होती. मी विचारलं, "म्हणजे पोळ्यांसाठी नाही?"

ती म्हणाली, "काकू, मला तुमच्या पोळ्या आवडतच नाहीत. जाड असतात."

मी स्टेजवर गेले. तिथे उभी राहून मला एवढं रडू आलं की फोटोत माझं तोंडच नाही, नुसतं हेल्मेट आहे. या संजीवनीच्या पायावर डोकं ठेवायला पाहिजे. ठेवलं पण. पॅड काढल्यावर.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

घरी. शेजारी गणपती, ढोल चालू आहेत. आठवडाभर ह्यांनी रजा काढून खिडकी सांभाळली. तवा असा करपवलाय की घासून घासून बोटं गेली. प्रीती म्हणाली, रविवारी दुकान अर्धं बंद होतं, पप्पा मोबाइल डब्यावर उभा करून सगळ्या गिऱ्हाइकांना सामना दाखवत होते.

सकाळी खिडकीत उभी राहिले. नेहमीचा रिक्षावाला आला. म्हणाला, "मावशी, आ गयी? बँकॉकला जेवण बनवायला गेल्या होत्या ना टीमचं? कसं होतं तिकडचं किचन?"

मी काही बोलायच्या आत मागून ह्यांचा आवाज आला. बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा.

"जेवण बनवायला नाही. गोल अडवायला. भारताची गोलकीपर आहे ती."

रिक्षावाला म्हणाला, "पण तुम्हीच तर..."

"मी खोटं बोललो," हे म्हणाले. "नजर लागू नये म्हणून."

माझ्या हातातली पोळी तव्यावर तशीच राहिली. करपली. करपू दे म्हटलं. मी तोंड वळवून रिक्षावाल्याला भाजी भरायला लागले, कारण ह्यांच्याकडे बघितलं असतं तर तिथेच रडले असते.

मग म्हटलं, "अहो, लिंबू द्या जरा."

मागून लिंबू उडत आलं. मी वळलेही नाही, हात मागे केला आणि पकडलं. ही ह्यांची फेकायची खोड मात्र काही जात नाही.